कोनी पोर शे तू? आमच्या दहावी ‘ब’च्या मुली शोधल्या त्याची गोष्ट

मार्च 1999 ला दहावी झालेली आमची जळगावची बॅच, 25 वर्षांनी 21 आणि 22 डिसेंबर 2024 ला एकदाची भेटली. भेटून आल्यावर तीन जणींनी वेगवेगळ्या शाळांमधून विचारलं की तुम्ही मुलींना शोधलं कसं, आमच्या ग्रुपात नुसती पोरंच आहेत. म्हणून सगळं आठवेल तसं लिहून ठेवतेय, तारखा डायरीतल्या आहेत आणि खर्चाचे आकडे हिशोबाच्या शीटमधले.

सुरुवात आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झाली. 10 मे 2024. खानदेशात आखाजी म्हणजे सासुरवाशिणींचा सण, दिवाळीला एकवेळ जाणं चुकेल पण आखाजीला माहेरी जायचंच. मी पुण्याहून दोन दिवसांसाठी गेले होते (13 तारखेला लोकसभेचं मतदान, पुण्यात पण आणि जळगावात पण, म्हणून 12 ला परत फिरायचं होतं). फुले मार्केटमध्ये आईसाठी गाऊन बघत होते आणि शेजारी एक बाई भाव करत होती. आवाज ओळखीचा वाटला. चेहरा नाही ओळखला मी, आवाज ओळखला. पाचवी ते दहावी माझ्या बेंचवर बसायची ती! आम्ही दोघी त्या दुकानातच रडलो, दुकानदाराने स्टूल दिलं बसायला. ती राहते कुठे तर पाचोऱ्याला, म्हणजे जळगावहून ट्रेनने तासाभराच्या आत, आणि 25 वर्षं मला पत्ता नाही. कारण मी तिला फेसबुकवर शोधायचे ते माहेरच्या आडनावाने, आणि तिचं आडनावच काय, लग्नात पहिलं नाव पण बदललेलं.

त्या रात्री आमच्या ओट्यावर बसून ठरलं की सगळ्यांना गोळा करायचं.

14 मे ला व्हॉट्सॲप ग्रुप केला. पोरांचं काम सोपं निघालं हे कबूल करते, एकाला दुसरा माहिती, दुसऱ्याला तिसरा, 11 दिवसांत 24 जण आले. मुली आल्या चार. चारच! आणि वर्गात आम्ही नक्की किती होतो हेच कोणाला आठवेना, कोणी म्हणे वीस कोणी म्हणे पस्तीस. मग शाळेत अर्ज करायचं ठरलं.

शाळेच्या अर्जाचं नीट सांगते कारण इथे आमचा वेळ गेला. शाळा उघडल्यावर 18 जूनला माझ्या भावाने मुख्याध्यापकांच्या नावाने अर्ज नेऊन दिला, की जनरल रजिस्टरमधून मार्च 1999 च्या दहावी ‘ब’ची यादी मिळावी, कारण स्नेहमेळावा. पहिल्या वेळी अर्ज तोंडीच ‘ठेवून जा’ म्हणून घेतला आणि तो सापडेनासा झाला. मग 1 जुलैला दुसरा दिला, ह्यावेळी दोन प्रती, एकीवर शिक्का, आवक नंबर आणि सही घेऊन. पोच घ्याच. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. अर्जावर आम्ही तिघांनी सह्या केल्या होत्या आणि सोबत आपापल्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्स, त्यामुळे आम्ही खरंच तिथले विद्यार्थी आहोत हा प्रश्न आला नाही. समितीच्या मीटिंगमध्ये विषय ठेवावा लागेल म्हणाले, ती मीटिंग झाली आणि 24 जुलैला यादी मिळाली. फक्त नाव, वडलांचं नाव, आडनाव. पत्ते द्यायला नकार दिला आणि ते बरोबरच आहे, कोणाचाही पत्ता कोणालाही देऊ नये. फी काही नाही लागली.

58 नावं. 31 मुलगे, 27 मुली. फोनवर यादीचा फोटो उघडला आणि एकेक नाव वाचताना वर्ग दिसायला लागला, कोण खिडकीशी बसायचं, कोणाची वेणी लांब होती ते.

मग पुढचे तीन महिने फक्त शोध. ऑनलाइन काही होत नाही हे लवकर कळलं, मतदार यादीत पण बायका नवऱ्याच्या नावाने. मी पुण्यात बसून फोन करायचे आणि बेंचवाली पाचोऱ्याहून रविवारी जळगावला यायची, दोघी-तिघी मिळून जुन्या जळगावातल्या, पिंप्राळ्यातल्या, मेहरूणच्या गल्ल्या फिरायच्या. आधी आम्ही विचारायचो, अमुक नावाची मुलगी इथे राहायची, माहिती आहे का. लोक नाही म्हणायचे. एका आजींनी तर उलटंच विचारलं की तुम्ही कोण, कशाला पाहिजे. तीन रविवार असे कोरडे गेले आणि बेंचवाली दमली, मला म्हणाली आपण ज्या आहेत त्यांनाच घेऊन करू. मी हो म्हणणार होते.

आणि मग मांडेवाल्या मावशी भेटल्या.

झालं असं की ऑगस्टमध्ये जेवणाचं बघायला घेतलं होतं. पोरांचं म्हणणं हॉटेलमध्ये पनीर, नान, गुलाबजाम. मला ते नको होतं, 25 वर्षांनी भेटून पनीर काय खायचं. खापरावरचे मांडे (उपड्या मातीच्या भांड्यावर भाजलेल्या मोठ्या, पातळ पुरणपोळ्या) हवेत असं ठरवलं आणि कोण करतं विचारत विचारत बेंचवाली एका मावशींच्या घरी गेली. मावशी मूळच्या अमळनेरकडच्या, घरात अहिराणी, जळगावात तीसेक वर्षं लग्नाकार्यात मांडे करतात. हिने ऑर्डरचं बोलणं काढलं तर मावशींनी आधी विचारलं, ‘कोनी पोर शे तू?’ म्हणजे तू कोणाची मुलगी. हिने वडलांचं नाव, गल्ली, धंदा सांगितला. मावशी म्हणाल्या, तुझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नात मीच होते, आणि मग बहिणीची सासरची माणसं कोण, गाव कोणतं, सगळं सांगून टाकलं!

हिने तिथून मला फोन लावला आणि स्पीकरवर यादी वाचायला सांगितली. मी पुण्यात ऑफिसच्या जिन्यात उभी राहून नाव वाचतेय, मावशी नाव सोडून द्यायच्या, वडलांचं नाव आणि आडनाव पकडायच्या. हां, त्यांचं पिठाच्या गिरणीजवळ घर, धाकटी एरंडोलला दिली. ह्यांची पोरगी चाळीसगावला, जावई रेल्वेत. एका बैठकीत तीन जणींचे सासरचे गाव मिळाले. त्या दिवसानंतर आम्ही कुठेही मुलीचं नाव आधी विचारलं नाही. बापाचं नाव घ्यायचं, भावाचं घ्यायचं, धंदा सांगायचा, तो किराणावाला, ते दाळ मिलमध्ये मुनीम होते ते, आणि मग विचारायचं की त्यांची लेक कुठे दिली. दारं उघडायला लागली, लोक बसवून चहा द्यायला लागले. ज्या आजींनी आम्हाला हाकललं होतं त्यांच्याकडे परत गेलो तर त्या एकीच्या सख्ख्या काकू निघाल्या आणि त्यांनी स्वतः फोन लावून दिला.

दिवाळीपर्यंत 27 पैकी 23 मुली मिळाल्या. एक मैत्रीण 2009 लाच गेली, हे तिच्या भावाकडून कळलं. तिची आई अजून आहे. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांनी आमच्या प्रत्येकीच्या तोंडावरून हात फिरवला आणि कोणाला मुलं किती ते विचारलं. त्या दिवशी पुढे कुठे गेलो नाही. पोरांमध्येही दोघं गेलेले, एक कोविडमध्ये. शोधायला निघाल्यावर अशा बातम्या येणार, आणि त्या ग्रुपवर एकदम टाकू नका, आधी जवळच्यांना फोन करून सांगा.

जागेचा घोळ सांगते. आम्हाला शाळेतच करायचं होतं, सप्टेंबरमध्येच हॉलसाठी अर्ज दिलेला, पण 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, शाळेत मतदान केंद्र, शिक्षक ड्युटीवर, आणि मुख्याध्यापक म्हणाले निकाल लागेपर्यंत मी काही लेखी देऊ शकत नाही. 23 नोव्हेंबरला निकाल. 25 ला परत अर्ज, 2 डिसेंबरला पत्र हातात. म्हणजे कार्यक्रमाला 19 दिवस राहिलेले! तोपर्यंत मांड्यांचा ॲडव्हान्स दिलेला, लोकांची तिकिटं काढलेली, आणि जागा पक्की नाही. त्या दोन महिन्यांत माझी झोप उडाली होती खरंच. हॉलचं भाडं घेतलं नाही, साफसफाई, लाईट आणि शिपाईकाकांचे मिळून आम्ही 2000 दिले. छोटा स्पीकर बंद हॉलमध्येच लावला, मैदानात लावायचा असेल तर पोलीस स्टेशनची लेखी परवानगी लागते आणि त्याला परत दोन चकरा.

तिकिटाचं पण सांगते. मी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात महाराष्ट्र एक्सप्रेसचं काढलं, पुण्याला रात्री बसलं की सकाळी जळगाव. तेव्हा 120 दिवस आधी मिळायचं, 1 नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आलंय, त्यामुळे लांबून येणाऱ्यांना तारीख निदान अडीच महिने आधी कळवा.

आता खाण्याचं, जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय.

भाऊबीज 3 नोव्हेंबरला होती, सगळ्या माहेरी आलेल्या, म्हणून 4 तारखेला आम्ही चौघी जेवणाची ठिकाणं बघायला निघालो. रिक्षात बसल्यावर एक जण म्हणाली की मी जळगावात जन्मले, वाढले, पण जळगावात बाहेर बसून कधी जेवलेच नाही. आम्ही बाकीच्या तिघी गप्प. कारण आमचंही तेच. शाळेबाहेरची बोरं, बर्फाचा गोळा, लग्नातल्या पंगती, बास. शेवभाजी खायला ढाब्यावर जायचे ते भाऊ आणि वडील, शेतातल्या भरीत पार्ट्या रात्रीच्या आणि पुरुषांच्या, आपल्याला सकाळी डब्यात उरलेलं भरीत मिळायचं. पुण्यात मी सगळीकडे जेवते, आणि स्वतःच्या गावात 41 व्या वर्षी पहिल्यांदा.

तर आम्ही भुसावळ रोडला, नशिराबादच्या अलीकडे एका ढाब्यावर गेलो. बोर्ड उन्हाने उडालेला, समोर ट्रक उभे. आत सगळे पुरुष. मालक काका एक मिनिट बघत राहिले आणि मग झाडाखालची बाज स्वतः पुसून दिली, म्हणाले बसा ताई. शेवभाजी मागवली. काळ्या मसाल्याचा रस्सा, कांदा खोबरं चांगलं काळपट भाजलेलं, लसणाचा वास आणि वर बोटभर तर्री. काकांनीच सांगितलं की शेव वेगळी घ्या, जेवायला बसल्यावर टाका, आधी टाकली की ती रस्सा पिऊन लगदा होते. शेव जाड आणि तिखट, भाजीसाठीची वेगळी मिळते, नेहमीच्या बारीक शेवेने ही भाजी होत नाही. सोबत कळण्याची भाकरी, ज्वारीत उडीद दळून केलेली, जरा चिवट आणि खमंग, कांदा, हिरवी मिरचीचा ठेचा. चौघींचे मिळून 520 रुपये झाले. नाकातून पाणी, डोळ्यातून पाणी, आणि कोणी उठायला तयार नाही. निघताना काका म्हणाले, बायका आल्या ना की आम्हालाही बरं वाटतं, फॅमिली घेऊन या. मी म्हटलं फॅमिली नाही, आमची बॅच घेऊन येणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी बचत गटाच्या बायका चालवतात त्या छोट्या खाणावळीत फुणके आणि कढी खाल्ली. तुरीची डाळ भिजवून भरड वाटायची, त्यात कांदा, लसूण, मिरची, मुटके करून वाफवायचे आणि गरम कढीत कुस्करून खायचे. घरी आपण करतोच, पण दुसऱ्याच्या हातचं आयतं समोर आलेलं फुणकं मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्लं. रविवारच्या नाश्त्याची ऑर्डर तिथेच दिली, सगळ्यांचे मिळून 2400.

ह्या दोन दिवसांतून एक निर्णय झाला आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पोरांनी शनिवारी रात्रीची भरीत पार्टी ठरवलेली होती. आम्ही सांगितलं की रात्री शेतात म्हटलं तर गावातल्या, आसपासच्या निम्म्या जणी येऊच शकणार नाहीत, दुपारी करा. भरीत रात्रीचंच, थंडीतच, शेकोटी पाहिजे वगैरे वाद झाला, दोन दिवस ग्रुप गरम होता, पण शेवटी दुपारी 12 ठरलं. आणि दुसरं म्हणजे छापील पत्रिका काढली. शाळेचं नाव, तारीख, वेळ, शिक्षकांची उपस्थिती, सगळं व्यवस्थित. 50 पत्रिकांना 900 रुपये. पोरं म्हणाली व्हॉट्सॲपच्या जमान्यात कशाला, पण एका मैत्रिणीने मला नंतर सांगितलं की ती पत्रिका तिने सासऱ्यांच्या हातात दिली, त्यांनी चष्मा लावून वाचली आणि म्हणाले जा. मेसेज दाखवून हे झालं नसतं. मुली येत नाहीत म्हणून हातपाय गाळण्याआधी वेळ दिवसाची करा आणि पत्रिका छापा.

वर्गणी 1000 ठेवली पण ‘जमेल तशी’ असं स्पष्ट लिहिलं, कोणी किती दिले ते फक्त दोघांना दिसायचं. कोणी 3000 दिले कोणी 200. एकूण 41,500 जमले.

21 डिसेंबर, शनिवार. सकाळी स्टेशनवर उतरले तर चार जणी न्यायला आलेल्या. दुपारी सगळे आसोद्याला, एका वर्गमित्राच्या शेतात. आसोदा म्हणजे भरिताच्या वांग्यांचं गाव, आणि बहिणाबाईंचं माहेर. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय ते सगळे सांगतात, पण मला त्या दिवशी रस्त्यात वेगळंच सुचलं, की बहिणाबाई आसोद्यात महाजनांच्या आणि जळगावात चौधरींच्या. नुसत्या माहेरच्या आडनावाने शोधायला निघालो असतो तर त्याही सापडल्या नसत्या.

वांगी हिरवी-पांढुरकी, एकेक पाव-अर्धा किलोचं. कपाशीच्या पऱ्हाट्या (वाळलेल्या काटक्या) रचून जाळ केला आणि त्यात वांगी थेट टाकली. पऱ्हाटीचा जाळ भरकन पेटतो, त्यामुळे साल करपते आणि आतला गर लोण्यासारखा होतो, धुराचा वास आतपर्यंत जातो. गॅसवर भाजलेल्याला तो येत नाही, कितीही करा. मग गरम असतानाच साली काढल्या, लाकडी भांड्यात भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण आणि गर घालून मुसळाने ठेचलं, वरून तेलात शेंगदाणे, खोबऱ्याचे तुकडे, कांद्याची पात, कोथिंबीर. केळीच्या पानावर भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या. ठेचायला आमच्यातल्याच दोघी बसल्या, हात लावू दे म्हणत. 42 पानं, 280 रुपये पान. ऊन होतं, शेकोटी नव्हती, आणि ज्याने सगळ्यात जास्त वाद घातला होता तो तिसऱ्यांदा वाढून घेत होता.

मुली 16 आल्या, पोरं 21. बाकी शिक्षक आणि शेतावरची मंडळी.

रविवारी शाळेत. आधी हजेरी घेतली, आमच्या मराठीच्या बाईंनी, त्याच रजिस्टरच्या यादीवरून, माहेरच्या नावाने. 25 वर्षांत ज्या नावाने कोणी हाक मारली नाही ते नाव ऐकून एकेक जण ‘हजर बाई’ म्हणत उभी राहत होती आणि आवाज फुटत नव्हता. गेलेल्या तिघांची नावं पण बाईंनी घेतली, आणि प्रत्येक वेळी थोडं थांबल्या.

तिकडे मैदानाच्या कोपऱ्यात मावशींनी चूल मांडलेली. येताना रिक्षात एक खापर तडकलं, माझं धाबं दणाणलं, पण मावशी नेहमी दोन आणतात (ऑर्डर देताना हे विचारून घ्या, आणि लाकडं कोण आणणार तेही, आमचं तेच राहिलं होतं, सकाळी धावपळ झाली). मी अर्धा तास तिथेच उभी होते. मळून मळून रेशमासारखी झालेली कणीक, दोन पाऱ्यांमध्ये पुरण, कडा दाबल्या आणि मग लाटणं नाहीच, मावशी ती पोळी दोन्ही हातांवर फिरवत फिरवत वाढवतात, कोपरापर्यंत येते, इतकी पातळ की त्यातून त्यांच्या बांगड्या दिसत होत्या, आणि एका झोक्यात उपड्या खापरावर. एक सुरकुती नाही. डिसेंबरमध्ये आमरस कुठला, म्हणून दूध-तूप, झणझणीत रशी (आमटी), कुरडया, भात. 45 जणांचं 350 ने 15,750 झालं. मावशींनी आम्हाला हाक मारली, ‘जेवाले बठा वं पोरीसहोन’, आणि आम्ही सोळाही जणी एका ओळीत खाली बसलो, पोरांनी वाढलं.

मी मावशींना एकेकीला ओळख करून दिली, ही ती एरंडोलची, ही चाळीसगावची. त्यांनी मान हलवली, जसं काही माहितीच होतं.

सगळा खर्च जाऊन 2540 उरले ते शाळेच्या लायब्ररीला दिले, पावती घेतली. पाच वाजता सगळं आवरलं, बसवाल्या जणी आधी निघाल्या. माझ्या बॅगेत मावशींनी सुती कापडात दोन मांडे घडी करून दिले होते, सोमवारी सकाळी पुण्यात लेकीला दिले तर अजून मऊ होते.

तीन मुली अजून मिळाल्या नाहीत. एकीचे वडील एसटीत ड्रायव्हर होते आणि ते क्वार्टर सोडून गेले, एकीचं घरच पाडून तिथे कॉम्प्लेक्स झालंय, तिसरीबद्दल फक्त ‘सुरतकडे दिली’ एवढंच कळलं. हे लिहिताना पुढची आखाजी 30 एप्रिल 2025 ची. मावशींना तिघींच्याही वडलांची नावं कागदावर लिहून दिलीत, त्या नंदुरबारकडे एका लग्नाला जाणार आहेत तेव्हा तिथे सुरतच्या पाहुण्यांना विचारते म्हणाल्या.